चाला, झोपा, पुढचे या!

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सार्वजनिक इस्पितळात मानसोपचाराच्या ओपीडीत दोन उपचार होतात. पहिला केसपेपरवर लिहून मिळतो: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, किती दिवस. दुसरा केसपेपर हातात परत देताना तोंडी मिळतो. "जरा चालत जा. वेळेवर झोपा. तेलकट कमी करा. तंबाखू सोडा. पुढचे या!" पहिला उपचार औषधाच्या खिडकीवर रांग लावली की मिळतो. दुसरा कुठल्या खिडकीवर मिळतो, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

डॉक्टरांना नावं ठेवू नका. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने बहुतेक राज्यांत लाखामागे धड एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही असा हिशेब मांडला होता. बाहेर बाकांवर माणसं, बाकांच्या मागे माणसं, दारात "फक्त एक विचारायचंय" म्हणणारी माणसं. त्यात एखाद्याला चालायला कसं लागायचं हे शिकवत बसले, तर शेवटचा नंबर दिवेलागणीला लागेल.

तरीही या दुसऱ्या उपचाराला हल्ली बरे दिवस आलेत. 'जीवनशैली उपचार' असं त्याचं थाटात बारसं झालंय आणि परदेशी मासिकांत त्यावर पानंच्या पानं छापून येतात. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२४ मध्ये व्यायाम आणि नैराश्य यांवरच्या २१८ अभ्यासांची, चौदा हजारांवर माणसांची एकत्र मोळी बांधली. चालणं-धावणं, योग, वजनं उचलणं, यांनी नैराश्याला उतार पडतो असं निघालं. पुरावा अजून फारसा भक्कम नाही, हेही त्याच लेखात लिहिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना ते वाक्य वाटेत कुठेतरी गळालं, एवढंच.

प्रश्न नुसता उदास वाटण्याचाही नाही. गंभीर मनोविकार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातली बरीचशी हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसांचे आजार अशा साध्यासुध्या, सर्वांना होणाऱ्या दुखण्यांनी. काही औषधांनी भूक वाढते, वजन वाढतं, साखर वाढते. म्हणजे डोकं ठिकाणावर आणणारी गोळी पोटाचा घेर वाढवते आणि तो घेर पुढे काळजावर बसतो. 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'च्या आयोगाने २०१९ मध्ये यावर जाडजूड अहवाल काढला. २०२५च्या अहवालात तर विषयच असा घेतला, की उपाय कळले ते ठीक, ते रोजच्या दवाखान्यात उतरवायचे कसे?

रोजचा दवाखाना. या दोन शब्दांपाशी जगभरच्या विद्वानांची गाडी अडली आहे. आमची शिफारस अशी, की त्यांनी दादर पूर्वेला उतरावं आणि नायगावात यावं. अडलेल्या गाड्या पाहायची आम्हांला सवय आहे.

सुरुवात झोपेपासून करू. झोपेचे तज्ज्ञ सांगतात: झोपायची खोली वेगळी, शांत आणि अंधारी हवी, पलंगाचा उपयोग फक्त झोपेसाठी करावा. आता नायगाव पाहा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या मुंबईतल्या २०७ बीडीडी चाळींपैकी ४२ इथल्या. एका मजल्यावर वीस खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. त्या खोलीतला पलंग दिवसा सोफा असतो, संध्याकाळी अभ्यासाचं टेबल, पाहुणे आले की जेवणाची पंगत, रात्री तिघांची झोप. त्याच्या खाली चौथ्याची वळकटी आणि गावाहून आलेले तांदूळ. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या तेव्हा झोपसुद्धा पाळीनेच मिळायची; एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. पलंग फक्त झोपेसाठी ठेवायचा, तर बाकीचं कुटुंब गॅलरीत उभं करावं लागेल. तिथे आधीच आजोबा झोपलेले असतात.

चाळी आता पडताहेत, टॉवर उठताहेत, १६०चे ५०० चौरस फूट होताहेत. फार चांगलं. नायगावच्या पुनर्विकासाचं काम म्हाडाने लार्सन अँड टुब्रोकडे दिलं. याच कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला ९० तास काम करावं, रविवारी घरी बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असं म्हटल्याचं २०२५च्या जानेवारीत देशभर गाजलं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला संसदेत आलेल्या आर्थिक पाहणीत लिहिलं होतं, की टेबलाशी फार तास बसणं मनाच्या आरोग्याला घातक असतं. उद्योग आणि सरकार यांचं इतकं मोकळेपणाने वाजलेलं आपल्याकडे क्वचित दिसतं. नायगावकरांचं म्हणणं एवढंच: झोपायला खोली मिळतेय, आता तासही द्या.

मग चालणं. नायगावात चालत नाही असा माणूस दाखवा! स्टेशनपर्यंत चालतात, स्टेशनात जिने चढतात, दुसऱ्या बाजूला उतरून पुन्हा चालतात, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन हेच उलटं. पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालतात. त्याला परदेशात पैसे मोजून करायचा व्यायाम म्हणतात. ओळखीतल्या एक मावशी हिंदू कॉलनीत चार घरची धुणीभांडी करतात. छातीत धडधड, झोप नाही, उगाच रडू येतं म्हणून त्या इस्पितळात गेल्या. गोळ्या मिळाल्या आणि वर "रोज अर्धा तास चाला". मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, मी बसते कधी ते विचारा."

हसण्यावारी नेऊ नका. शरीराची हालचाल आणि मन यांवरच्या अभ्यासांत एक अडचणीची गोष्ट वारंवार निघाली आहे: फुरसतीतली हालचाल मनाला मानवते, कामाच्या रगाड्यातली हालचाल तशी मानवत नाही, उलट कधीकधी तिची त्रासाशीच सोबत दिसते. पावलं मोजायचं घड्याळ मावशींच्या मनगटावर बांधलं तर ते दुपारी बारालाच टाळ्या वाजवील. पण ती पावलं दुसऱ्याच्या फरशीवरची. मावशींना हवा आहे तो अर्धा तास, ज्यात पायांना काही काम नसेल. तो अर्धा तास लिहून देणारं औषधाचं पान अजून छापलेलं नाही.

नायगाव म्हणजे पोलिसांचंही गाव. इथे सशस्त्र दलाचं मुख्यालय, मैदान, वसाहती. पोलिसांना ताण कमी करायला काय काय दिलं जातं ते वर्तमानपत्रांत वाचतोच: शिबिर, व्याख्यान, ध्यान, शेवटी समूहाचा फोटो. बारा-बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं तर तो श्वासाकडे लक्ष देत नाही, झोपतो. तेच बरोबर आहे. २०१६ मध्ये मुंबईतल्या एका शिपायाने कागदावर आठ तासांच्या पाळीचं गणित मांडून थेट वरिष्ठांपर्यंत नेलं, तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते मनावर घेतलं आणि देवनार पोलीस ठाण्यात तो प्रयोग सुरू झाला. ना ध्यान, ना आहारतक्ता. ड्युटीचा तक्ता बदलला. एखाद्या नियतकालिकात 'जीवनशैली उपचार' म्हणून त्याची नोंद होणार नाही, कारण त्यात जीवनशैली रुग्णाने बदलायची नव्हती, साहेबाने बदलायची होती.

आता कोणी म्हणेल, हे चालणं-योग-झोप नवं फॅड आहे, गोऱ्यांनी काढलं म्हणून आपण नाचतोय. अहो, नायगावातून चालत निघालात तर परळचं केईएम काही लांब नाही. १९२६ साली सुरू झालेलं हे पालिकेचं इस्पितळ. तिथे मनोविकार विभागात डॉ. एन. एस. वाहिया नावाचे प्राध्यापक होते. १९६० आणि ७०च्या दशकांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपीडीत येणाऱ्या रुग्णांना पतंजलींच्या विचारांवर बेतलेला उपचार देऊन पाहिला: आसन, प्राणायाम आणि पुढे मन एकाग्र करण्याच्या पायऱ्या. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये उभारलेल्या कैवल्यधामाशी या कामाचा धागा जुळलेला. तिथले डॉ. विनेकर, केईएमचे वाहिया आणि डॉ. दुंगाजी यांचा निबंध १९६६ मध्ये थेट 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री'त छापून आला. म्हणजे परळच्या ओपीडीतली गोष्ट विलायतेत पोचली होती, तीही बाकीच्या जगाला योगाच्या चटया विकत घ्यायचं वेड लागण्याच्या आधी.

यातली खरी गंमत पुढे आहे. वाहियांनी नुसतं "योगाने बरं वाटतं" असं लिहून सही केली नाही. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला. त्या गटालाही योगासारखं दिसणारं काहीतरी करायला दिलं, पण खऱ्या उपचाराचा गाभा काढून घेऊन. दिसायला योग, आत पोकळ. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पूर्ण उपचार घेतलेल्यांना पोकळ उपचारवाल्यांपेक्षा जास्त फरक पडला. दुसऱ्या एका अभ्यासात गोळ्यांशीही तुलना केली. त्या काळच्या पद्धतींत आजचे परीक्षक पन्नास खोडी काढतील, आणि काढाव्यातच. पण प्रश्न किती नेमका विचारला होता बघा! योगाने फरक पडतो, की कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय याने? आजही अर्ध्या अभ्यासांना हा प्रश्न पडत नाही. आणि वाहियांची ती कसोटी लावली, तर दरवर्षी २१ जूनला मैदानात चटई अंथरून, कॅमेऱ्याकडे बघत अर्धं ताडासन करणारी मंडळी कुठल्या गटात बसतील, ते मी सांगायची गरज नाही.

त्या निबंधांवर वाहियांबरोबर एका तरुण डॉक्टरचंही नाव आहे: दिलीप जेस्ते. महाराष्ट्रातला मुलगा, केईएममध्ये मनोविकारशास्त्र शिकला, पुढे अमेरिकेत गेला आणि २०१२ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचा अध्यक्ष झाला. शिष्य सातासमुद्रापार अध्यक्ष झाला. गुरूंचा उपचार भोईवाड्याचा रस्ता ओलांडून पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात पोचला असता, तर मला आज दुसराच विषय शोधावा लागला असता. बहुधा खड्ड्यांचा.

का पोचला नसावा? माझं मत विचाराल तर सांगतो, कारण तो तोंडी सांगून होणारा नव्हता. रुग्णाला पुन्हा पुन्हा, आठवड्यामागून आठवडे यावं लागे, कोणीतरी शिकवायला लागे, बसायला जागा लागे. यातलं काहीही गोळीच्या पाकिटात भरता येत नाही. आपल्या व्यवस्थेला पाकिटात न भरता येणाऱ्या गोष्टी खरेदी करता येत नाहीत. निविदाच निघत नाही त्यांची.

गोव्यात मात्र कोणीतरी हे भरून दाखवलं, पाकिटात नव्हे, माणसात. १९९६ मध्ये सुरू झालेली 'संगाथ' ही संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर एक अभ्यास केला. सगळे तीव्र नैराश्याचे. निम्म्यांना नेहमीचे उपचार जरा नीटनेटके करून दिले. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ बैठका. बैठक घेणारे ना डॉक्टर, ना मानसशास्त्रज्ञ. गावातलीच, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. करायचं काय, तर उदासपणामुळे सुटलेली कामं हळूहळू पुन्हा धरायची. शेजारणीकडे जाणं, देवळात जाणं, परसात दोन रोपं लावणं, बाजारात स्वतः जाणं. ज्याला जे रुचेल ते, आणि पुढच्या भेटीत विचारायचं: झालं का? नाही झालं तर का नाही? काही जणांकडे घरी जाऊन, काहींशी फोनवर. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ६४ टक्के. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं. वर्षभरानंतर पाहिलं तेव्हाही फायदा टिकलेला होता.

पुन्हा वाचा: झालं का? नाही झालं तर का नाही? आपल्या ओपीडीत पहिला प्रश्नही विचारायला वेळ नसतो आणि घरात दुसरा प्रश्न ओरडून विचारला जातो.

विदर्भातही असंच. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांनी दारोदार जाऊन बोलायला सुरुवात केली, आणि नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड-दोन वर्षांत चार टक्क्यांवरून सत्तावीस टक्क्यांवर गेलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी जो जिल्हा देशाला माहीत झाला, तिथली ही गोष्ट. ती देशाला माहीत नाही.

म्हणजे सोबत दिली की काम फत्ते? इतकं सोपं असतं तर हे सदर इथेच संपवून चहा घेतला असता. परदेशातले तीन मोठे अभ्यास शेजारी शेजारी ठेवा. अमेरिकेत मेरिलँडमध्ये गंभीर मनोविकाराच्या २९१ जणांपैकी निम्म्यांना, ते जिथे रोज जातात त्याच पुनर्वसन केंद्रांत, आठवड्यातून तीनदा व्यायाम करायला लावला, वजनं घेतली, खाण्यावर बोललं गेलं. दीड वर्षाने दोन गटांत सव्वातीन किलोंच्या आसपास फरक. २०१३ची गोष्ट. मग इंग्लंडने ४१४ जणांवर प्रयोग केला: गटात बसवून जीवनशैलीचे वर्ग, नंतर फोन, मधूनमधून उजळणी. वर्षाने वजनं केली. काही फरक नाही. शिकवणी लावून वजन उतरत नाही, एवढं साहेबाला सरकारी खर्चाने कळलं. तिसरा डेन्मार्कचा, आणि तो माझ्या घशात अडकतो. तिथे चारशेवर माणसांपैकी एका गटाला प्रत्येकी वैयक्तिक मार्गदर्शक दिला, तो घरीसुद्धा जायचा. तरीही हृदयविकाराच्या धोक्यात फरक पडला नाही.

माझ्या लाडक्या सिद्धांताला डेन्मार्कने असा पाय घातला. पण त्यातूनच मुद्दा पुढे सरकतो. काय चालतं, कुठे चालतं आणि कोणाच्या सोबतीने चालतं, हे कोपनहेगनवरून परळला कळणार नाही. डेन्मार्कच्या त्या माणसाकडे स्वतःची खोली आहे, रिकामा फुटपाथ आहे आणि एकटेपणाही आहे. नायगावकराकडे पहिल्या दोन गोष्टी नाहीत, आणि एकटेपण मिळवायला तो गच्चीवर जातो. दोघांना एकच औषध लागू पडेल असं समजायला फार मोठी पदवी लागते.

म्हणून अभ्यास इथेच करा. आणि करताना अभ्यासातला आदर्श रुग्ण घेऊ नका. तो मला माहीत आहे. त्याला एकच आजार असतो. त्याला साखर नसते, तो मिश्री लावत नाही, तंबाखूचा बार भरत नाही. ठरलेल्या वारी येतो. त्याच्याकडे गावाहून कोणी येत नाही, त्याची लोकल रद्द होत नाही. नायगावचा रुग्ण तसा नाही. त्याला मन, साखर आणि कंबर या तिन्हींच्या गोळ्या चालू असतात. महिन्याच्या मध्यात पैसे संपले की त्यातली कुठली बंद करायची, हे तो स्वतः ठरवतो. गुटख्यावर २०१२पासून राज्यात बंदी आहे, त्यामुळे तो गुटखा फक्त टपरीच्या मागच्या बाजूने घेतो. बारा आठवड्यांचा कार्यक्रम जुलैत सुरू केलात तर मधे गणपती येतात. इथून लालबाग हाकेच्या अंतरावर. दहा रात्री जागरण, प्रसादाचे मोदक, मिरवणुकीत मैलच्या मैल चालणं. झोपेचा आलेख तळाला, साखरेचा शेंड्याला, पावलांचा छपराबाहेर, आणि माणूस वर्षातला सर्वांत आनंदी. लिहा आता निष्कर्ष!

खाण्याचंही तसंच. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये नैराश्याच्या ६७ जणांवर गाजलेला अभ्यास झाला. एका गटाला आहारतज्ज्ञाने बारा आठवडे भूमध्य समुद्राकाठचं खाणं शिकवलं: ऑलिव्ह तेल, मासे, डाळी, भाज्या, सुका मेवा. त्यातले ३२ टक्के बरे झाले, दुसऱ्या गटातले ८ टक्के. ऑलिव्ह तेलाची बाटली नायगावातल्या वाण्याकडे मागून बघा, तो आधी तुमच्याकडे आणि मग घड्याळाकडे बघेल. पण बांगडा, मुगाची उसळ, नाचणीची भाकरी, शेंगदाणे, अंबाडीची भाजी यांचा समुद्र आपल्याकडेही आहे आणि तो आपल्याला परवडतो. त्यावर कोणी बारा आठवडे द्यायला तयार आहे का? की आपल्या भाकरीला आधी इटलीहून शिफारसपत्र यायला हवं?

जागाही तयार आहे. २०२२च्या अखेरीस मुंबईत 'आपला दवाखाना' निघाले, वस्त्यांच्या जवळ, संध्याकाळीही उघडे. तिथे गोळी घ्यायला येणाऱ्या माणसाला "चाला" म्हणण्याऐवजी "मंगळवारी सहाला दारात या, आपण सहा जण मिळून जाऊ" असं म्हणणारं कोणीतरी द्या. निम्म्या दवाखान्यांत द्या, निम्म्यांत नुसता नेहमीचा सल्ला, आणि वर्षभर मोजा. वजन मोजा, झोप मोजा, साखर मोजा. आणि किती जण दुसऱ्या मंगळवारी आलेच नाहीत ते सर्वांत आधी मोजा. न आलेल्यांच्या घरी जा आणि का आला नाहीत ते विचारा. निबंधात ज्यांना 'गळालेले' म्हणून तळटीप मिळते, रोजच्या दवाखान्याचं खरं उत्तर त्यांच्याकडेच आहे. मावशी त्यांच्यात असतील. त्या म्हणतील, सहाला मी तिसऱ्या घरी असते. मग वेळ बदला. तोही निष्कर्षच, आणि तो छापा.

हे काम मात्र आरोग्यसेविकांच्या डोक्यावर फुकटात टाकू नका. शहरातल्या आरोग्यसेविका आणि आशाताई यांच्या डोक्यावर आधीच पोलिओपासून क्षयरोगापर्यंत इतकं काही आहे, की जीवनशैली उपचारांची पहिली गरज त्यांनाच आहे. मानधन वाढवून मागायला त्या आझाद मैदानात बसतात, तेव्हा त्यांना चालण्याचे फायदे कोणी सांगत नाही. सोबत करणं हे काम आहे, त्याचे तास असतात, त्याचा पगार असतो. गोव्यातल्या अभ्यासात समुपदेशकांना शिकवलं गेलं, त्यांच्या कामावर देखरेख ठेवली गेली. ते काही भजनी मंडळ नव्हतं.

पालिकेच्या आरोग्य खात्याला म्हणून एकच मागणं. पुढच्या अर्थसंकल्पात औषधखरेदीच्या रकमेखाली एक छोटी ओळ घाला: मानसोपचाराच्या रुग्णांना सोबत करणाऱ्यांचा पगार. केईएममध्ये पन्नास वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ती ओळ पुरेल. औषधाच्या खिडकीशेजारी दुसरी खिडकी उघडा आणि तिच्यामागे माणूस बसवा. पोस्टर नको, पोस्टर आहेत भरपूर.

आणि वाचकहो, तोवर घरात कोणाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना पंख्याखालून "जरा चालत जा" असं सांगू नका, स्वतः चपला घालून दारात उभे राहा. त्यांना सोयीची वेळ कुठली ते मात्र त्यांनाच विचारा. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, चालून कितीही तरतरी आली तरी. आणि बोलायला कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.